मुरूम टाकण्याआधी पाण्याची वाट काढा



पेरणीआधी शेतरस्त्यावर, गोठ्यापुढं मुरूम टाकायची घाई चालू आहे. दरवर्षी होतं काय, ट्रॉल्या रिकाम्या करायच्या, ट्रॅक्टरच्या पात्यानं पसरवायचं, झालं काम! मग ऑक्टोबरात सोयाबीनचे कट्टे भरलेली ट्रॉली अर्ध्या वाटेत रुतते.

मांजरा-गोदावरीकाठची आपली काळी माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम अंथरला तर पहिल्याच झडीत चाकाखाली दबून चिखलात जातो. म्हणून वरचा मऊ थर आधी खरवडून काढा. मुरूम 6 इंचाच्या थरानंच टाका, दर थराला पाणी मारून रोलर फिरवा. एकदम फूटभर टाकला तर वरून टणक दिसतो, आतून पोकळ राहतो. 100 फूट लांब, 10 फूट रुंद रस्त्याला असा एक थर म्हणजे 5 ब्रास. मूठभर मुरूम ओला करून दाबून बघा. गोळा हाताला चिकटला तर त्यात माती जास्त आहे, ट्रॉली परत पाठवा.

रस्ता मधे 3 इंच उंच ठेवा, दोन्ही कडेनं नाली काढा. नालीतली काळी माती रस्त्यावर टाकू नका (टाकतातच!), बांधावर टाका. पाणी आडवं जातं तिथं सिमेंटचा पाइप घाला.

मुरूम उचलायच्या आधी तहसीलची परवानगी बघा. सामाईक पाणंद असेल तर शासनाच्या पाणंद रस्ते योजनेत काम बसतं का, ते ग्रामपंचायतीत विचारा. आणि नालीचं तोंड ओढ्याला काढा, शेजाऱ्याच्या रानात नको. भांडण तिथूनच लागतं.