खेळता खेळता उपचार, पण कुणाकडून?

मूल अचानक बोलेनासे झाले, रात्री दचकून उठू लागले, की कुणीतरी सुचवते, 'प्ले थेरपिस्टकडे नेऊन बघा.' दिल्लीजवळच्या मानेसरला मोटार कारखान्यात बदली होऊन गेलेल्या मराठी कुटुंबाला तिथे ओळखीचा डॉक्टरही नसतो. मग दारावरच्या पाटीवरच विश्वास टाकावा लागतो.

ही पाटी लावायला परवाना लागतो का? नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ यांचे नाव परिषदेच्या नोंदवहीत असावेच लागते. नसताना व्यवसाय केला, तर एक वर्षापर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्ले थेरपिस्ट या नावाचा मात्र त्या कायद्यात उल्लेखच नाही. ब्रिटनमध्येही या नावाला कायद्याचे संरक्षण नाही, पण 'प्ले थेरपी यूके' या संस्थेच्या नोंदवहीला तिथल्या व्यावसायिक दर्जा प्राधिकरणाने २०१३ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे तेवढेही नाही.

गंमत म्हणजे कुणी काय करावे, हे नीट ठरवल्याचे उदाहरण मानेसरातच आहे. तिथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी 'डाली' ही चाचणी तयार केली, मराठीतसुद्धा. तिच्यात शिक्षकांनी फक्त प्राथमिक पारख करायची, पुढची तपासणी मानसतज्ज्ञांनीच करायची.

खेळात कसली आली जोखीम, असे आजीआजोबांना वाटते. पण तोंडाने न सांगता येणारे मूल बाहुल्यांतून सांगते. अर्धवट शिकलेली व्यक्ती 'काकांनी मारलं ना?' असे विचारून मोकळी होते, मूल मान डोलावते आणि खरे काय घडले ते कायमचे गढूळ होते. शिवाय लैंगिक अत्याचार कळला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे पहिल्याच भेटीत पालकांना सांगायला हवे.

म्हणून आधी विचारावे, मूळ पदवी कशाची? परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता? खेळोपचाराचे शिक्षण कुठे, किती तासांचे? आणि अडलेल्या केसेसबद्दल कुणा ज्येष्ठाचा सल्ला घेता? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. भिंतीवर फक्त चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र लटकत असेल, तर खोली कितीही रंगीबेरंगी असो, मुलाचा हात धरून सरळ घरी यावे.