चाक बदलताना : शोभा आणि सुरक्षितता

खेड्यातील लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवितो, हे दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना एक गोष्ट निश्चित ठाऊक आहे. धाव चाकाहून किंचित लहान घडविलेली असते. तापवून ती प्रसरण पावली की चाकावर बसविली जाते आणि पाणी ओतताच आकुंचन पावून लाकडाला घट्ट आवळते. माप तिळभर चुकले तर धाव निसटते, नाहीतर चाक पिळवटते. तुंबा, आरे, धाव आणि आसाच्या टोकाची कुणी, या सर्वांचा मेळ जमला तरच गाडी भरल्या पोत्यांनिशी चढण चढते. आजच्या अत्यंत महागड्या मोटारीचे चाकही याच नियमाने बांधलेले आहे. फरक एवढाच की, येथे माप तिळाचे नसून मिलिमीटरचे आहे आणि वेग बैलाचा नसून ताशी शंभर किलोमीटरचा आहे.

दोन दरवाजांच्या, ठेंगण्या बांध्याच्या आणि शक्तिशाली इंजिनाच्या मोटारींना ‘कूपे’ असे म्हणतात. अशा मोटारी आपल्याकडे मोजक्याच आहेत. तथापि कारखान्याने दिलेली चाके काढून बाजारातील झगमगीत अलॉय चाके बसविण्याची हौस त्या मोटारींपुरती मर्यादित राहिलेली नाही. लहान मोटारींचे आणि जीपगाड्यांचे तरुण मालकही तिचे अनुकरण करू लागले आहेत. हौस करण्यास हरकत नाही, परंतु ती डोळसपणे केली पाहिजे. यासाठी प्रस्तुत लेखात बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या २०१४ ते २०२० या काळात तयार झालेल्या ‘एम ४’ कूपेचे उदाहरण घेतले आहे. तिची मापे इतकी काटेकोर आहेत की, चूक लपून राहत नाही. येथे जे समजेल ते कोणत्याही मोटारीला लागू पडेल.

मापांची भाषा

टायरच्या कडेवर कोरलेले अंक ही त्याची जन्मपत्रिकाच होय. या मोटारीच्या पुढील १९ इंची चाकावर ‘२५५/३५ आर १९’ असा टायर असतो. २५५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ३५ ही त्या रुंदीच्या प्रमाणात कडेची शेकडा उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १९ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून कडेची उंची सुमारे ८९ मि.मी. व टायरसह चाकाचा एकूण व्यास सुमारे ६६१ मि.मी. येतो.

याच मोटारीला १८ इंची चाकावर २५५/४० मापाचा टायर चालतो. त्याची कड १०२ मि.मी. उंच असते, पण एकूण व्यास तोच, ६६१ मि.मी. आता कोणी २० इंची रिम आणून त्यावर २५५/३० चा टायर चढविला, तर व्यास पुन्हा ६६१ मि.मी. च भरेल, मात्र कड साडेशहात्तर मि.मी. वर येईल. रिम मोठी झाली की रबर कमी झालेच पाहिजे, हा हिशेब येथे स्पष्ट दिसतो. एकूण व्यास कायम राखणे अगत्याचे आहे, कारण वेगमापक त्यावरच वेग मोजतो. चाक घसरू न देणारी ब्रेकव्यवस्थाही पुढील व मागील चाकांच्या फेऱ्यांची सतत तुलना करीत असते.

मोठी रिम पाहावयास देखणी असते, हे खरे. परंतु खड्ड्याचा पहिला आघात सोसते ती टायरची कड. तीच अरुंद झाली की आघात थेट धातूवर येतो. चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट पावसाळ्यात ज्यांनी पार केला आहे, त्यांना पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे वरून कळत नसल्याचा अनुभव असेलच. अशा ठिकाणी अरुंद कडेचा टायर फुटतो, रिम वाकते, आणि कित्येकदा न दिसणारी चीर पडते. ही चीर पुढे भर वेगात उघड होते. आपल्या रस्त्यांचा विचार करता, उत्पादकाने मान्य केलेल्या मापांपैकी लहान रिम व उंच कड निवडणे शहाणपणाचे ठरते.

भोक, बोल्ट आणि बैठक

चाक पाच बोल्टांवर बसते. त्या बोल्टांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाला गॅरेजमध्ये ‘पीसीडी’ म्हणतात. या मोटारीत तो १२० मि.मी. आहे. ११२ मि.मी. चे चाक दिसण्यात जवळपास सारखे असले, तरी ते बळाने बसविणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

त्याहून दुर्लक्षित माप म्हणजे चाकाच्या मधोमध असलेले भोक. एका गॅरेजमध्ये पाहिलेला प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. मालकाने जुनी, चकाकी दिलेली चाके स्वस्तात आणली होती. पाचही बोल्ट बिनतक्रार बसले. पण ताशी ऐंशीच्या पुढे वेग जाताच स्टिअरिंग थरथरू लागे. दोनदा बॅलन्सिंग करूनही थरथर थांबेना. अखेर वयोवृद्ध मेस्त्रीने मोजणी केली. ती चाके त्याच कंपनीच्या, १९९५ मध्ये आलेल्या ‘ई ३९’ या मोटारीची होती. त्यांचा पीसीडी १२० च, पण भोक ७४.१ मि.मी. चे, आणि या मोटारीचा हब सुमारे ७२.६ मि.मी. चा. दीड मिलिमीटरच्या त्या फटीमुळे चाक मध्यावर बसत नव्हते. अशा वेळी फट भरून काढणारे नेमक्या मापाचे कडे बसवावे लागते. मेस्त्री म्हणाले, “साहेब, बोल्ट चाक धरून ठेवतो, मध्यावर बसवितो तो हब.” या एका वाक्यात सारे शास्त्र आले.

बोल्टच्या डोक्याखालील बैठकही पारखून घ्यावी. या कंपनीच्या बोल्टची बैठक शंकूच्या आकाराची, तर मर्सिडीझ-बेंझच्या बोल्टची गोलाकार असते. गोल बैठकीच्या चाकात शंकूचा बोल्ट आवळला तर दोहोंचा स्पर्श केवळ एका अरुंद रेषेवर होतो आणि बोल्ट हळूहळू सैल पडतो. बोल्टची लांबीही पुरेशी हवी. १४ मि.मी. जाडीचा बोल्ट निदान १४ मि.मी. आत गेला पाहिजे. या मोटारीच्या बोल्टच्या आट्यांमधील अंतर सव्वा मि.मी. असल्याने हाताने फिरविताना किमान अकरा पूर्ण फेरे मोजता आले पाहिजेत.

आत की बाहेर?

चाकाची मध्यरेषा आणि हबवर टेकणारा त्याचा पृष्ठभाग यांतील अंतरास ‘ऑफसेट’ म्हणतात. चाकावर ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेले असते. या कूपेच्या पुढील १९ इंची चाकाची रुंदी ९ इंच व ऑफसेट २९ मि.मी. आहे. त्याच रुंदीचे, पण १५ ऑफसेटचे चाक लावले तर ते १४ मि.मी. बाहेर येते. मग वळणावर टायर मडगार्डला घासतो, बेअरिंगवर अधिक ताण येतो आणि स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. चाक बाहेर काढून गाडी ‘रुबाबदार’ दिसते असे मानणाऱ्यांनी या मूल्याचाही विचार करावा.

ओतीव आणि घडीव

अलॉय चाके मुख्यतः दोन प्रकारची असतात. वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात ओतून केलेली ओतीव, आणि प्रचंड दाबाखाली घडविलेली घडीव. घडीव चाक तेवढ्याच वजनात अधिक बळकट असते व महागही असते. उत्तम ओतीव चाक मुळीच वाईट नव्हे. धोका आहे तो नामांकित चाकाच्या नकलेचा. म्हणून चाकावर ते किती किलोग्रॅम भार पेलते याचा उल्लेख आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे. या आकड्याची दुप्पट मोटारीच्या त्या आसावरील कमाल भारापेक्षा कमी असता कामा नये. चाकांसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे. जपानी चाकांवर ‘जेडब्ल्यूएल’ ही खूण आढळते. खूण नसलेले चाक कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

टायरचेही तसेच. मापापुढील ‘९६ वाय’ याचा अर्थ ७१० किलोग्रॅम भार आणि ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग. कडेवरील चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘३२२४’ म्हणजे २०२४ मधील बत्तिसावा आठवडा.

बसविण्याची रीत

जुने चाक काढल्यावर हबवरील गंज व माती ब्रशने स्वच्छ करावी. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नये, कारण त्यामुळे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला जातो. सर्व बोल्ट प्रथम हाताने फिरवावेत. नंतर एकाआड एक, चांदणीच्या आकृतीप्रमाणे, थोडे थोडे आवळावेत. गाडी जमिनीवर टेकवून शेवटचा आवळ टॉर्क रेंचने द्यावा. या मोटारीसाठी तो १४० न्यूटन-मीटर आहे. म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे २८ किलोग्रॅम वजन टांगल्याइतका जोर. पान्यावर उभे राहून उड्या मारण्याची काही ठिकाणची पद्धत सर्वथा घातक आहे. बोल्ट सैल राहिल्याने जसे चाक निखळते, तसेच अति आवळल्याने बोल्ट ताणून तुटतो. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालविल्यावर पुन्हा एकदा आवळ तपासावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मि.मी. पेक्षा कमी खोल असू नये, असाही नियम आहे. म्हणून उत्पादकाने आपल्या नमुन्यासाठी मान्य केलेल्या मापांतच निवड करावी, विमा कंपनीस लेखी कळवावे आणि शंका असल्यास पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

शिक्षकबंधूंनी वर्गात टायरवरील अंकांचे गणित मुलांकडून सोडवून घेतल्यास शेकडेवारी आणि रस्त्याची सुरक्षितता हे दोन्ही धडे एकदम होतील. पंचायतींनी गावातील मेस्त्रींना टॉर्क रेंचचे महत्त्व पटवून द्यावे. चाक सैल झाले तर त्याची किंमत केवळ मालक भरत नाही. रस्त्याच्या कडेने शाळेत जाणारे मूल, बाजाराहून परतणारी माउली, समोरून येणारा सायकलस्वार यांपैकी कोणीही ती भरतो. बैलगाडीचा गाडीवान घाट उतरण्यापूर्वी खाली उतरून कुणी हाताने चाचपून पाहत असे. तेवढा एक क्षण थांबण्याची सवय आपणही लावून घेतली, तर चाकाची शोभाही राहील आणि माणसेही सुखरूप घरी पोहोचतील.