गोठ्यातील वजनकाटा आणि नफ्याचा हिशेब

किराणा दुकानदार साखर अंदाजाने देत नाही, सराफ तर रतीभर सोनेही डोळ्याने मोजत नाही. मात्र ज्यावर हजारो रुपयांची पेंड आणि वैरण खर्च होते ते जनावर आपल्याकडील पशुपालक अजूनही नजरेनेच जोखतो. दूध मात्र तो लिटरवर मोजतो, कारण डेअरीत त्याचे पैसे रोज मिळतात. दूध न देणारी कालवड गोठ्यात दोन-अडीच वर्षे खात असते, पण तिचा हिशेब कुठेच लिहिलेला नसतो.

वजन ठेवण्याचा खरा फायदा येथेच आहे. संकरित कालवड साधारण २५० ते २७५ किलोची झाली की रेतनास योग्य समजली जाते. येथे वयापेक्षा वजन महत्त्वाचे. समजा, १५० किलोच्या दोन कालवडी एकाच दावणीला आहेत आणि प्रत्येकीवर रोज १०० रुपये खर्च होतो. एक दिवसाला ६०० ग्रॅम वाढते, दुसरी २५० ग्रॅम. पहिली २५० किलोला सुमारे १६७ दिवसांत पोहोचेल, दुसरीला ४०० दिवस लागतील. म्हणजे २३३ दिवसांचा, २३,३०० रुपयांचा जादा खर्च, शिवाय तितके दिवस दूधही उशिरा. पहिल्या महिन्याअखेर दोघींत फरक असतो जेमतेम साडेदहा किलोंचा. तो अनुभवी डोळ्यालाही दिसत नाही, काट्याला दिसतो. कारण जंत असेल, खुराक कमी असेल किंवा दांडगी कालवड दुसरीला गव्हाणीपासून हुसकावीत असेल. कारण शोधायचे तर ते दुसऱ्या महिन्यातच शोधले पाहिजे.

म्हणून एकदा केलेल्या वजनाला फारसा अर्थ नाही. दोन वजनांतील फरकाला मधल्या दिवसांनी भागले की रोजची वाढ मिळते आणि हाच आकडा कामाचा. यात एक फसगत संभवते. मोठी गाय दिवसाला ४०-५० लिटर पाणी सहज पिते, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो! तेव्हा वजन नेहमी सकाळी, चारा-पाण्याआधी, ठराविक वेळीच करावे. एकदा उपाशीपोटी आणि एकदा भरल्यापोटी केलेली वजने ताडून पाहणे निरर्थक आहे.

आजचा काटा म्हणजे लोखंडी फळीखाली बसविलेले लोड सेल आणि आकडा दाखविणारी पेटी. जनावर हलले तरी पेटी अनेक मोजण्यांची सरासरी काढून आकडा स्थिर करते. ऑस्ट्रेलियात पुढची मजल गाठली आहे. तेथे २००५ पासून गुरांच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला सक्तीचा आहे. काही मोठ्या कुरणांवर पाण्याकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर काटा बसवितात. गुरे त्यावरून चालत जातात, बिल्ला वाचला जातो आणि वजन मालकाच्या संगणकावर पोहोचते. पण तेथे गुरे मांसासाठी वाढवितात, ठराविक वजनाला विकतात. महाराष्ट्रात गाईच्या आणि २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे, त्यामुळे तो हिशेब आपल्या गोठ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. शेळीपालकाला मात्र तो तंतोतंत लागू पडतो, कारण बकरी ईदच्या बाजारात बोकड आता अनेक ठिकाणी जिवंत वजनावर विकले जातात.

आपल्याकडील जनावरांच्या कानात असणाऱ्या सरकारी पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. तो बारकोडचा असल्याने कुरणातील यंत्र त्याला आपोआप वाचू शकणार नाही, पण वहीत वजन लिहायला तोच क्रमांक उत्तम. दहा-पंधरा जनावरांच्या गोठ्याला वही पुरते. त्यासाठी महागडी यंत्रणा विकत घेण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही.

काट्याचेही पैसे नसतील तर शिंप्याची फीत घ्यावी. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळील हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग करून लांबीने गुणावे व ६६० ने भागावे. घेर ६० इंच व लांबी ५२ इंच असेल तर वजन सुमारे २८४ किलो येते. हा अंदाज आहे, काही किलोंची चूक राहणारच, म्हणून मोजणारा माणूस शक्यतो बदलू नये. जंतनाशकाची मात्राही वजनावरच ठरते. ती कमी पडली तर औषधाचे पैसे जातात आणि उरलेले जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात.

काटा घेतलाच तर तो सपाट, पक्क्या जमिनीवर, दोन्ही बाजूंना कठडे लावून बसवावा. खाली शेण-माती अडकली की आकडा चुकतो. दर महिन्याला सिमेंटच्या न फोडलेल्या ५० किलोच्या गोणीने तो तपासून घ्यावा. घरच्या नोंदीसाठी एवढे पुरे. त्याच काट्यावर बोकड विकायचे असतील तर मात्र वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी करून मुद्रांकन घेणे बंधनकारक आहे.