मजला वर, पाणी खाली

तालुक्याच्या गावातल्या जुन्या अपार्टमेंटवर आणखी एक मजला चढवायचा म्हटलं की पहिली चर्चा होते कुणाला किती पैसे मिळणार याची, दुसरी पार्किंगची आणि तिसरी रंगाची. पाण्याचा विषय निघतच नाही. निघालाच तर 'ते प्लंबर बघेल' म्हणून संपतो. आणि प्लंबर येतो तेव्हा स्लॅब पडून गेलेला असतो!

आमच्या बिल्डिंगीत सध्या हेच चाललंय. तळमजला धरून सहा बिऱ्हाडं. गच्चीवर दोन फ्लॅट काढायचे, ते विकायचे आणि त्या पैशांतून गळती आणि रंगाचं काम उरकायचं, असा बेत. पाच घरांनी सह्या केल्या. राहिल्या तळमजल्यावरच्या काकू. एकट्या राहतात, वय सत्तरच्या पुढे. 'म्हातारी अडून बसलीय,' असं जिन्यात सगळे बोलायला लागले. मी खाली जाऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, वर माणसं वाढली म्हणजे संडास-बाथरूम वाढणार. ते सगळं माझ्याच दारातून जाणार ना? दोनदा मोरीतून उलटं आलंय. तिसऱ्यांदा मी कुणाकडे जाऊ?"

मैत्रिणींनो, मीटिंगमध्ये दोन तासांत कुणी विचारला नव्हता असा प्रश्न काकूंनी एका वाक्यात विचारला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची भाची सिव्हिल इंजिनीअर आहे. आम्ही तिघी-चौघींनी तिला बोलावलं. तिने नकाशा नंतर पाहिला, आधी चेंबरची झाकणं उघडायला लावली.

झाकण उघडल्यावर कारण दिसलं. गच्चीवरचा पावसाचा पाईप सरळ संडासाच्या चेंबरमध्ये सोडलेला. कुणीतरी कधीतरी खोदाई वाचवली असणार. धो धो पाऊस आला की चेंबर तुंबतो आणि पाणी सगळ्यात खालची वाट शोधतं. ती वाट म्हणजे काकूंची मोरी. त्यातून त्यांच्या मोरीचा पाईप वरच्या मजल्यांच्या उभ्या पाईपलाच बुडाशी जोडलेला. तळमजल्याची लाईन स्वतंत्र, थेट चेंबरला हवी, हे ती दोनदा म्हणाली.

मग हिशोब. इमारतीसाठी इंजिनीअर लोक माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. आज आम्ही 24 माणसं, म्हणजे 3,240 लिटर. आठ माणसं वाढली की 4,320. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी. म्हणजे दोन दिवसांचा साठा 8,640 लिटर लागणार आणि खालचा हौद आहे 6,000चा. बाकीचं काय टँकरने? ठेकेदार म्हणाला, "वहिनी, वर अजून एक टाकी ठेवू, हाय काय त्यात!" पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. नवा मजला आणि त्याच्या डोक्यावर हे वजन जुने कॉलम पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरने लेखी द्यायला हवं. ठेकेदाराच्या तोंडी हमीला काय अर्थ!

वापरलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के पुन्हा पाईपमधून खाली येतं. आमच्याकडे गटार योजना नाही, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आहे. 24 माणसांच्या टाकीवर 32 माणसं सोडली की घाण पाण्याला आत थांबायला आणि गाळ खाली बसायला वेळच मिळत नाही. गाळ तसाच पुढे जातो, शोषखड्डा चोंदतो. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी, पण नव्या नकाशात तिच्या झाकणावरच गाडी उभी केलेली! उपसणारी गाडी यायची कुठून? मग कुणीतरी म्हणणार, उतरवा एखाद्याला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. आणि कायदा नसता तरी कुणाच्या लेकराला त्यात उतरवायचं?

पावसाच्या पाण्याची मात्र गंमत आहे. मजला वाढला तरी गच्ची तेवढीच राहते, म्हणजे वरून येणारं पाणी वाढत नाही. वाढतं ते अंगणातलं. आज मागे माती आहे, जास्वंद आहे, कढीपत्ता आहे. तिथे पार्किंगसाठी कोबा करणार. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटर कोब्यावर तासाभरात 50 मिलिमीटर पडला तर 5,000 लिटर! माती त्यातलं बरंच पिऊन टाकते, कोबा सगळं पुढे ढकलतो. पुढे रस्ता दर डांबरीकरणात उंच होत गेलाय, त्यामुळे पाणी बाहेर न जाता जिन्याखाली येतं. तिथे विजेचे मीटर आहेत. ते आधी वर उचला, असं भाचीने लाल पेनाने लिहून दिलं.

तिच्या कागदावर आणखी लिहिलंय : पावसाचा पाईप वेगळा काढून जाळी-वाळूच्या गाळणीतून बोअरजवळच्या खड्ड्यात सोडायचा, शोषखड्डा मात्र बोअरपासून निदान साठ फूट लांब, काकूंची लाईन वेगळी, सेप्टिक टँक मोठी, आणि हे सगळं वरची पहिली वीट ठेवायच्या आधी. नगरपरिषदेच्या परवानगीच्या नकाशातही या लाईनी काढून घ्यायच्या.

सेक्रेटरींनी खर्च ऐकून कपाळाला हात लावला. पण काकूंच्या सहीशिवाय काम पुढे सरकत नाही आणि काकूंनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवलाय. पाईपचं मान्य झालंय, टाकीचंही. अंगणावर अजून भांडण आहे. गाडीवाल्या दोन घरांना पूर्ण कोबा हवा, आम्हाला भिंतीलगत तीन फूट माती. रविवारी पुन्हा मीटिंग आहे. या वेळी आम्ही सगळ्या जणी जाणार आहोत, आणि चेंबरचं झाकण मीटिंगच्या आधीच उघडून ठेवणार आहोत.