जुन्या फियाटचे ब्रेक आणि नव्या मुलाम्याचे गैरसमज

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ या नावाने देशभर पोहोचली. त्यांतल्या कित्येक गाड्या आता पन्नाशी ओलांडत आहेत. वाड्याच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली की मालक बॉडीच्या रंगावर महिनोन्‌महिने खल करतो. ब्रेकचे भाग मात्र ‘सगळं चकचकीत करून आणा’ एवढ्या एका वाक्यावर पॉलिशवाल्याकडे रवाना होतात. मूळ रूप नाहीसे होते ते तिथे, आणि कधीकधी ब्रेकची सुरक्षितताही.

कारखान्यातून प्रत्येक भाग लखलखीत होऊन निघत असे, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. फियाट ११००च्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, आणि ड्रम म्हणजे बिडाचे ओतकाम. बिडाचे कॅमशाफ्ट घडवून जगभरच्या मोटार कंपन्यांना पुरवणाऱ्या सोलापुरात बिडाचा स्वभाव अनेकांना ठाऊक आहे. बिडाचा तवा ओला राहिला तर रातोरात तांबूस होतो, तसाच ड्रमही होतो. त्याचा आतला, लायनर घासणारा पृष्ठभाग लेथवर कातून उघडाच ठेवलेला असतो. त्यावर रंग किंवा मुलामा कधीच नसतो. पावसानंतर चढलेला तांबूस थर चार-दोन वेळा ब्रेक दाबला की निघून जातो. बाहेरच्या बाजूलाही जुन्या कंपन्या फार तर काळ्या रंगाचा पातळ हात देत. कित्येकदा तेवढेही नाही. क्रोम केलेला ड्रम प्रदर्शनात उठून दिसतो, पण त्याला मूळ रूप म्हणता येणार नाही.

पिवळसर, किंचित इंद्रधनुषी झाक असलेले भाग पाहून ‘हे पितळ’ किंवा ‘हा सोनेरी रंग मारलाय’ असे म्हटले जाते. ती झाक जस्ताची नसते. जस्ताचा थर स्वतः पांढरट-करडा असतो. त्यावर क्रोमेटचे पॅसिव्हेशन, म्हणजे रासायनिक संरक्षक थर, केले की पिवळेपणा येतो, आणि गंजाला खरा अटकाव जस्त व क्रोमेट हे दोन थर मिळून करतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या डिस्क ब्रेकच्या कॅलिपरवर ही छटा बरेचदा आढळते. काही भागांवर जस्ताऐवजी कॅडमियम असे. खाऱ्या हवेत ते उत्तम टिकते, पण विषारी आहे. अशा जुन्या बोल्टवर गॅसची ज्योत धरली तर निघणारा धूर जीवघेणा ठरू शकतो. युरोपने २००० सालच्या निर्देशान्वये मोटारींतील कॅडमियम आणि जुन्या क्रोमेटमधल्या षट्‌संयुजी क्रोमियमवर निर्बंध आणले. त्यामुळे नव्या पद्धतीच्या पॅसिव्हेशनची पिवळी छटा जुन्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. हा फरक मान्य करून पुढे जावे.

पावडर कोटिंग जाड म्हणून जास्त चांगले, ही समजूत तर धोक्याची आहे. जस्ताचा मुलामा साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा असतो, तर पावडरचा थर सहज ६० ते ८० मायक्रॉनचा. चाक आणि ड्रम जिथे एकमेकांना टेकतात तिथे हा मऊ थर दाबाखाली बसत जातो आणि चाकाचे नट सैल पडतात. टेकणाऱ्या जागा उघड्या हव्यात.

स्प्रिंगबाबत तर हलगर्जी नकोच. ब्रेक शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंग कडक पोलादाच्या असतात. मुलाम्याआधीच्या आम्लाच्या धुण्यात आणि मुलाम्याच्या टाकीत पोलाद हायड्रोजन शोषते आणि ठिसूळ होते. मुलाम्यानंतर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसवर काही तास भट्टीत ठेवले नाही, तर स्प्रिंग चालत्या गाडीत तुटू शकते. जुन्या अमेरिकी गाड्यांच्या स्प्रिंगवरचे रंग ओळखीसाठी असत. त्यावरून कोणती स्प्रिंग कुठे ते कळे. तो रंग खरवडला की खूणच पुसली जाते.

ब्रेकच्या नळ्या तांब्याच्या असत, हा समजही तितकाच घातक. मूळ नळी पोलादाची, दोन पदरी. पदर सांधायला तांबे वापरत, म्हणून कापल्यावर आत तांबूस दिसते. फ्रिजची तांब्याची नळी बसवली तर ती कंपनांनी थकून तडकते. पर्याय हवाच असेल तर तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्यावी. व्होल्वोने ती १९७०च्या दशकातच स्वीकारली.

मास्टर सिलिंडरला नुकताच दिलेला काळा रंग महिन्याभरात सुटला की दोष रंगाऱ्याला दिला जातो, पण खरे कारण ब्रेक ऑइल असते. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते आणि सांडले की साधा रंग विरघळवते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत. ब्रेकवरच्या मुलाम्याचा त्या व्याख्येत उल्लेख नाही. म्हणजे ब्रेकच्या भागांचा मूळ मुलामा जपण्याची सक्ती कोणी करत नाही. जपायचे तर मालकानेच.

त्यासाठी सोलापूरची हवा अनुकूल आहे. समुद्र दूर आणि पाऊस बेताचा, त्यामुळे मुंबईच्या गाडीपेक्षा इथल्या गाडीवर जुना मुलामा टिकून असण्याची शक्यता जास्त. तो शोधावा ग्रीसच्या थराखाली, क्लॅम्पच्या मागे, बोल्टच्या डोक्याखाली. भाग सँडब्लास्टिंगला देण्याआधी प्रत्येकाचे फोटो काढा, छटा लिहून ठेवा, स्प्रिंग वेगळ्या बाजूला काढा. आणि जुन्या लायनरची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे.