हुकूम आणि हानि: अमेरिकेंतील एक करसवलत

सरकारी हुकुमामुळें दुकान बंद पडणें आणि रोगाच्या भीतीनें गिऱ्हाईक न आल्यामुळें तें ओस पडणें, या दोन्ही आपत्ती दुकानदाराला सारख्याच जाचतात. रिकामा गल्ला दोहोंतही रिकामाच. कायदा मात्र त्यांना एका तागडींत घालीत नाहीं. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें अमेरिकेंतील पुष्कळ लहान धंदेवाल्यांवर हातीं आलेले पैसे परत करण्याची पाळी आली.

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत कोविडची साथ फैलावली, तेव्हां तेथील राज्यांनीं कडक निर्बंध घातले. न्यूयॉर्क राज्यांत १६ मार्चपासून उपाहारगृहांत बसून जेवणें बंद झालें. कॅलिफोर्नियांत १९ मार्चला लोकांनीं घरींच राहावें असा हुकूम सुटला. मालकांनीं नोकरांना काढून टाकूं नये, म्हणून २७ मार्च रोजीं ‘केअर्स’ नांवाचा कायदा झाला व त्यांत ही सवलत आली. नोकरांच्या पगारावर मालकानें जो कर भरावयाचा, त्यांतून ती वळती होई. कर फिटूनही सवलत उरली, तर सरकार ती रोख देई. २०२० सालीं एका नोकराच्या १०,००० डॉलरपर्यंतच्या पगाराचा निम्मा भाग, म्हणजे वर्षाकाठीं फार तर ५,००० डॉलर मिळत. २०२१ सालीं प्रमाण शेंकडा ७० झालें व मर्यादा दर तिमाहीस धरली गेली. म्हणजे एका नोकरामागें तिमाहीला ७,००० डॉलरपर्यंत. बहुतेक धंद्यांपुरती ही सवलत ३० सप्टेंबर २०२१ रोजीं संपली.

पात्र ठरण्याचे मुख्य मार्ग दोन होते. पहिला विक्रीचा. २०२० मधील एखाद्या तिमाहीची ढोबळ जमा २०१९ च्या त्याच तिमाहीच्या निम्म्याहून खालीं गेलेली असावी. २०२१ सालीं शेंकडा ८० हून खालीं गेली तरी पुरे. दुसरा मार्ग हुकुमाचा. साथीमुळें निघालेल्या सरकारी आज्ञेनें धंदा पूर्णतः किंवा अंशतः बंद पडलेला असावा. घोटाळा झाला तो या ‘अंशतः’ शब्दापाशीं.

न्यूयॉर्क शहरांतील एखादें उपाहारगृह घ्या. १४ डिसेंबर २०२० पासून तेथें आंत बसून जेवण्यास पुन्हां मनाई झाली. पदार्थ बांधून नेण्यास मोकळीक होती. चूल पेटती होती, पण धंद्याचा एक भाग हुकुमानें थांबला. करखात्यानें १ मार्च २०२१ च्या खुलाशांत सांगितलें कीं, अशा भागाची जमा किंवा त्यांतील कामाचे तास २०१९ च्या त्याच तिमाहींत एकंदरीच्या निदान शेंकडा १० असतील, तर तो भाग नगण्य नव्हे. अशा मालकाला, हुकूम अमलांत होता तेवढ्या दिवसांच्या पगारावर, सवलत मागतां येई.

आतां शेजारचें किराणा दुकान पाहा. तें अत्यावश्यक म्हणून उघडेंच राहिलें. हुकुमानें त्याच्या कामांत विशेष अडथळा आला नाहीं. गिऱ्हाइकें घरीं बसल्यामुळें २०२० सालीं विक्री शेंकडा ३० नें उतरली, तरी त्याला दोन्ही मार्ग बंद. तेवढीच घट २०२१ मधील असती, तर पहिल्या मार्गानें तें पात्र ठरतें. ज्या कचेरीचें काम नोकरांनीं घरून जवळजवळ पूर्वींप्रमाणेंच चालविलें, तीही अंशतः बंद ठरत नाहीं. आणि अधिकाऱ्यानें दिलेला नुसता सल्ला म्हणजे हुकूम नव्हे.

हा बारकावा दलालांनीं झांकून ठेवला. ‘साथीची झळ लागली ना? मग तुम्ही पात्र आहां,’ अशा आशयाच्या जाहिराती रेडिओवरूनही होऊं लागल्या, आणि मिळणाऱ्या रकमेंत दलालांचा हिस्सा असे. शेवटीं १४ सप्टेंबर २०२३ रोजीं करखात्यानें नव्या अर्जांचें काम थांबविलें. पुढें चुकीचे अर्ज मागें घेण्याची, आणि त्या डिसेंबरांत मिळालेल्या रकमेपैकीं शेंकडा ८० परत करून मोकळें होण्याची सोय केली. दलालाचा हिस्सा मात्र त्याच्या पदरीं पडून चुकला होता. जबाबदारी राहिली ती अर्जावर सही करणाऱ्या मालकाची.

म्हणून अशा मदतीचा अर्ज करणारानें आधीं तीन गोष्टी कागदावर उतरवाव्यात: हुकूम कोणता, तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यानें धंद्याचा कोणता भाग थांबला. या तिहींचें उत्तर देतां येत नसेल, तर विक्रीचे आंकडे तपासावेत. तेही साथ देत नसतील, तर हानि खरी असूनही ही सवलत आपली नव्हे, हें मान्य करण्यांतच शहाणपण आहे.