शर्यतीच्या इंजिनांतील मोकळीक

बैलगाडीच्या चाकावर धाव चढविणाऱ्या लोहाराला उष्णतेनें लोखंड वाढतें हें शाळेंत जाऊन शिकावें लागत नाहीं. तापलेली धाव सैल बसते आणि पाणी पडतांच आवळून लाकूड जखडून धरते. शर्यतीच्या मोटारीचें इंजिन बांधणाऱ्या कारागिराला हाच नियम उलट बाजूनें सांभाळावा लागतो. त्याला कांहींच जखडलेलें नको असतें. थंडपणीं ठेवलेली फट इंजिन तापल्यावर मिटूं नये आणि फार रुंदही राहूं नये, एवढेंच त्याला साधावयाचें असतें. पण माप घ्यावयाचें थंड असतां आणि त्याची परीक्षा व्हावयाची तापल्यावर, ही ह्या कामाची खरी अडचण आहे.

पिस्टन म्हणजे सिलिंडरच्या नळींत वरखालीं धांवणारा दट्ट्या. आरंभींच्या मोटारींत तो ओतीव लोखंडाचा असे व सिलिंडरही त्याच धातूचा, त्यामुळें दोघांच्या वाढण्यांत फारसा फरक पडत नसे. इंग्रज अभियंता वॉल्टर ओवेन बेंटली हा १९१३ सालीं फ्रान्समधील डी. एफ. पी. मोटारींच्या कारखान्यांत गेला असतां त्याला मेजावर, कागदांवर वजन म्हणून ठेवलेला ॲल्युमिनियमचा एक छोटा पिस्टन दिसला. त्या धातूचे खरे पिस्टन आपल्या गाडींत घालावे असें त्याच्या मनानें घेतलें. शेंकडा ८८ भाग ॲल्युमिनियम व १२ भाग तांबें अशा मिश्रधातूचे ते पिस्टन वजनानें हलके होते व उष्णता लवकर वाहून नेत. ब्रुकलंड्सच्या शर्यतपथावर त्या गाडीनें विक्रम केले, आणि १९१४ च्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतींत बेंटली सहावा आला. पण हलक्या पिस्टनबरोबर मोकळिकीचा प्रश्नही आला. कारण सारख्याच उष्णतेनें ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतें.

उदाहरणादाखल ८० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर घ्यावा. पिस्टनचा खालचा भाग, म्हणजे स्कर्ट, ९० अंश सेल्सिअसनें तापला तर त्याचा व्यास सुमारें ०.१६ मिलिमीटर वाढतो. लोखंडी सिलिंडर ८० अंशांनीं तापला तर ०.०७ नें रुंदावतो. राहिलेला ०.०९ चा फरक, म्हणजे केंसाच्या जाडीहून किंचित् अधिक, कारागिरानें आधींच मोकळा ठेविला पाहिजे. पिस्टनचा माथा तर ज्वाळेखालीं असतो. तो २५० अंशांनीं तापला तर ०.४४ मिलिमीटर फुगतो. म्हणून माथा मुळांतच लहान घडवितात, आणि स्कर्टही पूर्ण गोल न ठेवतां किंचित् लंबगोल करतात. पिस्टन कोठेंही मोजून चालत नाहीं, तो ह्यामुळेंच. पिनेशीं काटकोनांत, आणि कारखानदारानें सांगितलेल्या उंचीवरच मायक्रोमीटर लावावा लागतो.

धातूचा भेदही लक्षांत घ्यावा लागतो. शेंकडा १२ भाग सिलिकन असलेले पिस्टन कमी वाढतात, म्हणून ते जवळ बसवितां येतात. कमी सिलिकनचे ठोकून घडविलेले पिस्टन मार अधिक सोसतात, पण अधिक वाढतात. त्यांना जास्त मोकळीक लागते व इंजिन थंड असतांना ते खडखडतात. तो खडखडाट ऐकून फट कमी करणें हा अनाडीपणा होय.

मोजतांना पिस्टन व सिलिंडर एकाच तपमानावर असावे. हातांत धरून १० अंशांनीं उबलेला पिस्टन ०.०१८ मिलिमीटर मोठा दिसतो. म्हणजे वरील मोकळिकीचा पांचवा हिस्सा नुसत्या तळहाताच्या उबेनें खाल्ला! तसेंच हेडचे बोल्ट आवळले कीं सिलिंडरचा गोलपणा थोडा बिघडतो. म्हणून जाणते कारागीर हेडच्या जागीं जाड धातूची पाटी आवळून मगच सिलिंडर घासून मापास आणतात.

आतां कडीं, ज्यांना कारखान्यांत रिंगा म्हणतात. जॉन रॅम्सबॉटमनें १८५२ सालीं वाफेच्या इंजिनासाठीं एके ठिकाणीं चिरलेलें स्प्रिंगसारखें कडें शोधून काढलें. मोटारीचें कडें त्याच वंशांतलें. सिलिंडरांत बसल्यावर त्याच्या दोन टोकांत जी फट राहते तिच्यावर सारें अवलंबून असतें. साध्या मोटारीसाठीं ही फट व्यासाचा २५० वा भाग, म्हणजे येथें ०.३२ मिलिमीटर, ठेवण्याचा प्रघात आहे. कडें सिलिंडरपेक्षां ८० अंशांनीं अधिक तापलें तर त्यांतील ०.२२ खर्च होते. शर्यतींत हाच फरक १२० अंशांवर गेला कीं ०.३३ लागते, आणि फट मिटते. मग टोकें एकमेकांवर आदळतात, कडें बाहेरच्या बाजूस दाबलें जाऊन सिलिंडर ओरबाडतें, मोडतें, कधीं पिस्टनची कडही घेऊन जातें. उलट, फट एक दशांश मिलिमीटर अधिक राहिली तर थोडा वायु निसटतो, इतकेंच. दोन चुकांची किंमत अशी विषम असल्यामुळें शर्यतीसाठीं ०.४०, आणि हवा दाबानें भरली जाणाऱ्या इंजिनासाठीं ०.४८ किंवा अधिक फट ठेवणें शहाणपणाचें ठरतें. दुसऱ्या कड्याची फट आज पुष्कळजण पहिल्यापेक्षां थोडी मोठीच ठेवतात, म्हणजे मध्यें अडकलेला वायु वरच्या कड्याला उचलत नाहीं.

माप घेण्यासाठीं कडें सिलिंडरांत घालून उलट्या पिस्टननें सरळ खालीं ढकलावें आणि फटींत फीलर गेजची पाती सारून पाहावी. टोकें बाहेरून आंत घासावीं, नाहीं तर बाहेरचा लेप उडतो. घासलेला धातु परत येत नाहीं, तेव्हां दोन कानशी मारून पुन्हां मोजण्याचा कंटाळा करूं नये. ज्या सिलिंडरासाठीं कडें घासलें त्यांतच तें बसवावें. खांचेंतही कड्याला वरखालीं सुमारें ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर जागा लागते. तीहि पाहून घ्यावी.

शर्यत संपून इंजिन उघडल्यावर कड्यांचीं टोकें भिंगाखालीं पाहतात. तीं काळवंडलेलीं असलीं तर फट पुरली. चकाकत असलीं तर टोकांची गांठ पडली होती असें समजून पुढल्या बांधणींत फट ०.०५ नें वाढवितात.